विद्यापीठाचें ग्रंथालय आणि घरची पोथी

कोल्हापुरास ग्रंथसंग्रहाची हौस आजकालची नव्हे. इ. स. १८५० मध्यें येथें ‘नेटिव्ह लायब्ररी’ स्थापन झाली. तीच पुढें करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्धीस आली. मुंबई विद्यापीठ निघावयास त्या वेळीं सात वर्षांचा अवकाश होता. स्वतःचें विद्यापीठ मिळण्यासाठीं मात्र करवीरकरांस शंभरांहून अधिक वर्षें वाट पाहावी लागली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपति डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. या विद्यापीठाच्या ग्रंथालयास पहिल्या लोकसभेचे सभासद बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचें नांव दिलेलें आहे. अलीकडे त्यास ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असें म्हणूं लागले आहेत. ‘ग्रंथालय’ या साध्या शब्दांत काय उणें होतें, हें आमच्यासारख्या जुन्या शाळामास्तरास उमगत नाहीं. परंतु आंतील सामग्रीकडे पाहिलें असतां नांव बदलणाऱ्यांचा हेतु ध्यानांत येतो.

कारण ग्रंथालय म्हणजे कपाटें व कपाटांत पुस्तकें, ही जी आपली कल्पना ती आतां अपुरी पडूं लागली आहे. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ अशी योजना सुरू केली. जगांतील ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें देशांतील ६,३०० सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना त्यामुळें संगणकावर वाचावयास मिळूं लागलीं. याकरितां तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये मंजूर झाले. पूर्वीं परदेशी शास्त्रीय नियतकालिकाचा एखादा अंक पाहण्यासाठीं आमच्या भागांतील प्राध्यापकांस मुंबई-पुण्यास खेपा घालाव्या लागत. तीच गोष्ट प्रबंधांची. पदवी पदरांत पडली कीं प्रबंध बासनांत गेलाच म्हणून समजावें, अशी रीत होती. विद्यापीठ अनुदान मंडळानें २००९ मध्यें नियम केल्यापासून गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या भांडारांत ते जमा होऊं लागले, आणि आतां कागलच्या मुलीस गुवाहाटीचा प्रबंध घरबसल्या वाचतां येतो. ही सोय लहान नव्हे.

तथापि एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. हीं सहस्रावधि नियतकालिकें ग्रंथालयाच्या मालकीचीं नव्हेत. तीं वर्गणीचीं आहेत. २०२५ ते २०२७ अशी योजनेची मुदत आहे. परहस्तगत धनाविषयीं आपल्या सुभाषितकारांनीं पुष्कळ सावधगिरीचे बोल लिहिले. वर्गणीची विद्या मात्र त्यांनीं पाहिली नव्हती. शिवाय जें कोल्हापुरांत मिळतें तेंच त्याच दिवशीं नागपुरांत व कलकत्त्यांतहि मिळतें. मग एका ग्रंथालयाचें दुसऱ्याहून वेगळेपण कशांत राहिलें? तें राहिलें दुसरीकडे कोठेंहि नसलेल्या वस्तूंत. म्हणजे हस्तलिखितांत आणि अस्सल कागदपत्रांत.

विद्यापीठांतच याची साक्ष पटते. तेथें वि. स. खांडेकर यांचें स्मृति-संग्रहालय आहे. खांडेकरांनीं १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेंत मास्तरकी केली, मग ते कोल्हापुरास आले, आणि ‘ययाति’ने त्यांस १९७४ चें ज्ञानपीठ मिळवून दिलें. ‘ययाति’ची छापील प्रत कोणत्याहि दुकानांत मिळते. तरी लोक पायऱ्या चढून तेथें जातात, ते त्या माणसाच्या हाताचा जेथें स्पर्श झाला तें पाहण्यासाठीं. ग्रंथालयांतील हस्तलिखितांच्या संग्रहाचेंहि तसेंच आहे. काचेखालीं ठेवलेल्या पोथीचें एकच पान दिसतें, हें खरें; परंतु पाहावयाचें कसें तें ठाऊक असेल, तर त्या एका पानावरूनहि पुष्कळ कळतें. मुलांस नेलें तर त्यांस पानावरचे पिवळे ठिपके दाखवावे. लेखनिकाची चूक झाली कीं तो त्या अक्षरावर हरताळ लावून वर पुन्हां लिही. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. शेवटचें पान दिसत असल्यास तेथील शक पाहावा. शके १७१०, कीलक नाम संवत्सर असें लिहिलें असेल, तर त्यांत ७८ मिळवून इ. स. १७८८ हें वर्ष मुलाकडूनच काढून घ्यावें. पौषाच्या सुमारापासून पुढील तिथि असेल तर ७९ मिळवावे लागतात, हें सांगण्यास विसरूं नये.

आतां आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. हा संग्रह आकाशांतून पडत नाहीं; तो घरोघरच्या माळ्यांवरून येतो. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं शिकवणी सांभाळून पटवर्धनांचें दप्तर चाळलें आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ बावीस खंडांत छापलीं, तींहि गांवोगांव हिंडून. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ मध्यें हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ मध्यें पुरी झाली. डॉ. सुखटणकरांसारख्या पंडितांनीं तीसाठीं ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहिल्या. अशा कामांत प्रत्येक पोथी ही साक्षीदार असते. सुंदर अक्षराची पोथी खोटी साक्ष देते आणि कुणा विद्यार्थ्याच्या ओबडधोबड हातची खरी निघते, असें अनेकदां होतें. तेव्हां ‘आमच्या घरीं काय, साधी नित्यपाठाची पोथी’ असें म्हणून कोणी ती मोडींत काढूं नये.

आपल्यांतील पुष्कळ घराण्यांत पोथ्यांची आज काय अवस्था आहे? वाड्याची वाटणी झाली तेव्हां तांब्या-पितळेबरोबर पोथ्याहि वांटल्या गेल्या. पूर्वार्ध थोरल्याकडे, उत्तरार्ध धाकट्याकडे. पुढें वाडा पाडून सदनिका झाल्या आणि देव्हाऱ्यासच जागा अपुरी पडूं लागली. कांहीं घरांत वडील मंडळी सोंवळ्याचें कारण सांगून परक्या हाताचा स्पर्श पोथीस होऊं देत नाहींत. त्यांच्या श्रद्धेचा आम्हांस आदर आहे. पण कसर आणि वाळवी सोंवळें-ओंवळें पाहत नाहीं, आणि पंचगंगेचें पाणीहि पाहत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हां जुलै २०२१ मध्यें महापूर आला, तेव्हां तळमजल्यावरच्या ट्रंकांत जें होतें तें सर्व भिजलें. कागदाचा एकदां लगदा झाला कीं कोणता पंडित त्यांतून श्लोक काढणार?

मोडीचें दुखणें तर याहून मोठें. घरांतील खतें, वाटणीपत्रें, जमाखर्च हें सारें मोडींत. आणि शाळांतून मोडी जाऊन पाऊणशें वर्षें होत आलीं. २०१४ मध्यें संगणकाच्या युनिकोड या सांकेतिक पद्धतींत मोडी लिपीस जागा मिळाली. पण यंत्रांत अक्षर आलें म्हणून वाचणारा मनुष्य तयार होत नाहीं. एकत्र कुटुंबांत पांच-सात मुलें असतात. त्यांपैकीं एकानें, मग तो मुलगा असो वा सून, उन्हाळ्याच्या सुटींत ही लिपि शिकावी. बाराखडीस फार दिवस लागत नाहींत. कठीण आहे तो लेखनिकांच्या हातांचा सराव.

पोथी ग्रंथालयास देऊनच टाकली पाहिजे असें नाहीं. छायाचित्रण करून मूळ प्रत घरीं ठेवण्याची सोय आतां यंत्रांमुळें झाली आहे. २००३ मध्यें निघालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनानें हा मार्ग देशभर रूढ केला, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत जाहीर झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ योजनेनें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची मोजदाद मनांत धरली आहे. मूळ प्रत द्यावयाची झालीच, तर सर्व भावांच्या संमतीनें द्यावी आणि पोंच लेखी घ्यावी.

तोंवर घरीं करण्याजोगें पुष्कळ आहे. पोथी कडक उन्हांत वाळवूं नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. तिचा डिंक कांहीं वर्षांनीं पिवळा पडून कागद खातो. जुन्या मंडळींचें वेखंड व कडुनिंबाचा वाळलेला पाला चांगला. मात्र पानांत न घालतां पुरचुंडी करून बासनाबाहेर ठेवावा. ट्रंक जमिनीवर ठेवूं नये. आणि एका वहींत यादी करावी: पोथीचें नांव, पानांची संख्या, लांबी-रुंदी, दर पृष्ठावरील ओळी, शेवटीं शक असल्यास तो, आणि हें अक्षर घराण्यांतील कोणाचें ही माहिती. ती आजी किंवा आजोबा आहेत तोंवरच विचारून घ्यावी. या यादीची एक प्रत ग्रंथपालांकडे पाठवावी. पानें मोजतांना एखादें कमी भरलें तर तेंहि तसेंच लिहावें. तें कदाचित् वाटणींत दुसऱ्या भावाकडे गेलें असेल.