योगासनाच्या चटईवरील हिमचित्र



बदलापूरच्या मांजर्लींत एखाद्या घराच्या गच्चीवर सकाळीं योगासनांची चटई अंथरलेली आहे, अशी कल्पना करा. हल्लीं हिलाच योगा मॅट म्हणतात. तिच्यावर पांढरें पठार व निळसर भेगा छापलेल्या आहेत. हें चित्र कोणा चित्रकाराच्या कल्पनेंतलें वाटेल. परंतु तें ध्रुवप्रदेशावरून उडणाऱ्या शास्त्रीय विमानांतून टिपलेलें छायाचित्र आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेचीं अशीं छायाचित्रें बहुधा स्वामित्वहक्कापासून मुक्त असतात. म्हणून तीं अशा चटयांवरही छापतां येतात.

तीं विमानें तेथें कशासाठीं गेलीं होतीं? बर्फाची उंची मोजणाऱ्या ‘आइससॅट’ उपग्रहाचें काम २००९ सालीं बंद पडलें, आणि त्याचा वारस अवकाशांत गेला तो २०१८ सालीं. मधलीं वर्षें रिकामीं जाऊं नयेत म्हणून नासानें २००९ पासून २०१९ पर्यंत ‘आइसब्रिज’ ही मोहीम चालविली. दोन उपग्रहांना जोडणारा हा जणूं पूलच होता. विमानें बहुधा बर्फापासून सुमारें ४५० मीटर उंचीवरून जात. खालीं सोडलेला लेसर-प्रकाश परत येण्यास किती वेळ लागला, यावरून पृष्ठभागाची उंची कळे. रेडारच्या लहरी बर्फ भेदून तळच्या खडकापर्यंत पोंचत व बर्फाची जाडी सांगत.

एवढा खटाटोप कां? पेल्यांत तरंगणारा बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी चढत नाहीं. बाहेरून नवा खडा टाकला तर मात्र चढते. समुद्रावर तरंगणारा बर्फ पहिल्या जातीचा, आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरील बर्फ दुसऱ्या. हा दुसरा बर्फ सगळा वितळला, तर जगांतील समुद्र सुमारें ७ मीटर चढेल. हें एका पिढींत घडणारें नव्हे. पण थोडी वाढही आपणांस परकी नाहीं. बदलापूरची उल्हास नदी अखेर वसईच्या खाडीवाटें समुद्रासच मिळते. भरतीच्या वेळीं खाडीकांठचें पुराचें पाणी उशिरां ओसरतें, हें आपण जाणतोंच. समुद्रच कायमचा चढला, तर तो उशीर वाढेल.

पावसाळ्यांत नदीची पातळी मोजणारानें एक दिवस चुकविला, तर तो दिवस मागाहून मोजतां येत नाहीं. बर्फाचेंही तसेंच आहे. २०१२ सालचा बर्फ २०१८ सालीं मोजतां आला नसता. आणि मधल्या नोंदी नसत्या, तर तो किती वेगानें घटत आहे हें सांगणें कठीण झालें असतें.

चटई गुंडाळतांना मुलांनीं त्या निळ्या भेगांविषयीं विचारलें, तर त्यांस पेल्याचा प्रयोग अवश्य करून दाखवावा.