जीर्ण शीतपित्त आणि रुग्णाच्याच सीरमची त्वक्‌परीक्षा

‘अंगावर पित्त उठते’ असे सांगत येणारा रुग्ण आपणा वैद्यांस नवा नाही. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे वर्णन एकत्रच आले असून, गांधीलमाशी चावल्यासारखी सूज ही तेथील उपमा आजही अचूक वाटते. सहा आठवड्यांहून अधिक काळ गांधी उठत राहिल्यास आधुनिक शास्त्र त्या व्याधीस जीर्ण मानते. अशा रुग्णांचे वांगे, दही, आंबट आम्ही महिनोन्‌महिने बंद केले आहे. इस्लापूर परिसरातील एका भगिनीने तर वर्षभर कडक पथ्य पाळले. गांधी उठतच राहिल्या. अखेर आम्ही त्यांना नांदेडला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले, तेव्हा ही परीक्षा झाली व ती सकारात्मक आली.

काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच मास्ट पेशींवरील आयजीई-ग्राहकांविरुद्ध, क्वचित आयजीईविरुद्धच, प्रतिपिंडे असतात. त्यामुळे बाहेरचे काहीही न खाता हिस्टामिन सुटते. ग्रॅटन व सहकाऱ्यांनी 1986 मध्ये या परीक्षेचे वर्णन केले. आपल्याकडे नवी मुंबईचे डॉ. किरण गोडसे यांनी 2004 मध्ये 45 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी 12 जणांत ती सकारात्मक होती.

कृती सोपी दिसते. शिरेतील रक्त गोठू देऊन सीरम वेगळे करतात व त्याचे 0.05 मिली पुढच्या हाताच्या आतील बाजूस त्वचेत टोचतात. शेजारी तेवढेच सलाईन व हिस्टामिन तुलनेसाठी असते. तीस मिनिटांनी मोजल्यावर सीरमची गांध सलाईनपेक्षा किमान 1.5 मिमी मोठी व लालसर असल्यास परीक्षा सकारात्मक. एकाचे सीरम दुसऱ्यास टोचले गेल्यास रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका असतो. म्हणून हे काम सज्ज केंद्रातच व्हावे, आपल्या चिकित्सालयात नव्हे.

मात्र सकारात्मक उत्तर म्हणजे स्वप्रतिकारजन्य व्याधी सिद्ध झाली, असे नव्हे. काही निरोगी व्यक्तींतही ते तसे येते. खात्रीसाठी बेसोफिल पेशींवरील परीक्षा लागते. नकारात्मक उत्तराने ही शक्यता बरीच कमी होते. अशा रुग्णांत थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे अधिक आढळतात, त्यामुळे ती तपासणी सुचवावी.

औषधालयचालक बंधूंना एक आग्रहाची विनंती. परीक्षेपूर्वी किमान दोन-तीन दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद असाव्या लागतात. त्या काळात खाज वाढली की रुग्ण प्रथम आपल्याच दुकानी येतो आणि एका गोळीने परीक्षा वाया जाते. चिठ्ठीवाचून स्टिरॉईड तर देऊच नये. तात्पुरता आराम पडतो, थांबवताच गांधी परततात. मात्र ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास परीक्षेचा विचार बाजूस ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

त्या भगिनीचे निरर्थक पथ्य आम्ही काढले. तज्ज्ञांच्या गोळ्या नियमित चालू असून, त्यांना कळवून सोबत हरिद्राखंड दिले आहे. गांधी कमी झाल्या आहेत, पूर्ण थांबलेल्या नाहीत.