वैशाखवणवा आणि हृदयाचा जमाखर्च

चंद्रपूर जिल्ह्यातील एका तहसील कचेरीच्या आवारात, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तासभर रांगेत ताटकळलेला एक धडधाकट शेतकरी वैशाखातल्या दुपारी माझ्या डोळ्यांदेखत पांढराफटक पडला आणि अर्जाचा कागद मुठीत तसाच धरून कोसळला. जमलेली मंडळी त्याला बखोटीस धरून बसते करू लागली, तोच एक वृद्ध कंपाउंडर गर्दीतून पुढे होऊन ओरडले, "अजी, त्याले बसवू नका! निजू द्या, अन् पाय वर करा त्याचे." पाय उचलून धरल्यावर मिनिटाभरात त्याने डोळे उघडले, औषधाचा थेंबही लागला नाही.

अशा प्रसंगी आपण सहज म्हणून जातो की उन्हाने काळीज कमजोर झाले. वस्तुस्थिती निराळी आहे. 1895 साली म्युनिकमध्ये ओट्टो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयावर, आणि पुढे 1914 च्या सुमारास लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर जे प्रयोग केले, त्यांवरून असे सिद्ध झाले की हृदयात परतणाऱ्या रक्ताने त्याची भिंत जितकी ताणली जाते, तितक्या जोराने ते पुढच्या ठोक्याला आकुंचन पावते. अर्थात आवक असेल तेवढीच जावक. पदरची शिल्लक अशी हृदयापाशी नसतेच.

ऊन नेमका या आवकेवर घाला घालते. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते आणि त्यातले अर्धा लिटरही त्वचेच्या वाट्याला येत नाही; परंतु आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलल्या की हा हिस्सा अनेक पटींनी वाढतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे लोरिंग रॉवेल यांनी 1960 च्या दशकात निरोगी तरुणांच्या अंगात गरम पाणी खेळवलेले पोशाख घालून हे मोजले, तेव्हा त्यांच्या त्वचेकडे मिनिटाला सात-आठ लिटरपर्यंत रक्त वळलेले आढळले. आतडी आणि मूत्रपिंडे यांच्या हिश्श्यात काटछाट करून, आणि ठोक्यांची संख्या वाढवून, हृदय ही मागणी भागवते. त्यातच माणूस एका जागी उभा असला की सैलावलेल्या शिरांमधून पुष्कळसे रक्त पायांत तुंबते, मेंदूचा पुरवठा तुटतो आणि तो आडवा होतो. पाय उचलणे म्हणजे ही थकबाकी वसूल करणे होय.

घामाने प्रकरण आणखी बिकट होते. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तातले तीनेक लिटर नुसता द्रव असतो, आणि उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. सगळी तूट काही रक्तातूनच येत नाही, तरी रक्ताला आपला वाटा द्यावाच लागतो. मग दर ठोक्याला कमी रक्त निघते आणि नाडी अधिकच धावू लागते. धावत्या नाडीत दोन ठोक्यांमधली विश्रांती आखडते, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः त्याच विश्रांतीत मिळते. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्या वृद्धाला उन्हाळा का बाधतो, याचा एक मोठा उलगडा येथे आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ऊन तापण्यापूर्वीच त्यांच्या प्रमाणाविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे, हे इष्ट.

शरीर मात्र आपला बंदोबस्त करू लागते. रोज उन्हात वावरल्यास आठवडाभरात ते मीठ आणि पाणी राखून रक्तातला द्रव वाढवते, आणि त्याच कामाला नाडी कमी धावते. म्हणून चैत्रातली पहिली लाट, किंवा लग्नासाठी मुंबईहून अकोल्यास उतरलेला पाहुणा, यांची गाठ वाईट. कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक पाणी आणि क्षार दोन्ही देते. खिशातल्या कांद्याची महती मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण खिशातून तो रक्तात कसा उतरतो, हे मला कोणी सांगितलेले नाही.

निजवल्यावरही जो शुद्धीवर येत नाही, किंवा अंग भट्टीसारखे तापून जो असंबद्ध बरळतो, त्याचा मामला मात्र उष्माघाताचा. तिथे घोट पाजण्याच्या फंदात न पडता अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला दवाखान्यात हलवावे. आमच्या शेतकऱ्यावर तशी वेळ आली नाही. निंबाच्या सावलीत पडल्यापडल्या थोड्या वेळाने त्याने तांब्याभर ताक संपवले, मिशा पुसल्या आणि विचारले, "माहा नंबर गेला का जी?"