कुंग फूची पहिली शैली : मुलांसाठी कोणती, मोठ्यांसाठी कोणती?

वार्षिक परीक्षा संपत आल्या, की वर्तमानपत्रांच्या घड्यांमधून उन्हाळी शिबिरांची पत्रके घरोघरी पोहोचू लागतात. पोहणे, चित्रकला, स्केटिंग यांच्या जोडीला ‘कुंग फू’ हा शब्दही त्यांत ठळक अक्षरांत असतो. मुलांना या शब्दाची ओढ असते ती चित्रपटांमुळे. ब्रूस लीच्या १९७३ मधील ‘एंटर द ड्रॅगन’ने आजच्या आजोबांना वेड लावले, जॅकी चॅनने त्यांच्या मुलांना आणि २००८ मधील ‘कुंग फू पांडा’ने नातवंडांना. पालकांच्या अपेक्षा मात्र निराळ्या असतात. मुलाने मोबाइल बाजूला ठेवावा, अंगात चपळाई यावी, थोडी शिस्त लागावी आणि प्रसंगी स्वतःचे रक्षण करता यावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

या अपेक्षा घेऊन चौकशी सुरू केली, की शाओलिन, विंग चुन, हुंग गार, ताई ची, वुशू, सांदा अशी नावे कानावर पडतात आणि गोंधळ वाढतो. सुरुवात नेमकी कोणत्या शैलीपासून करावी? चुकीच्या निवडीत केवळ शुल्क वाया जात नाही. प्रौढांसाठी घडलेली पद्धत आठ वर्षांच्या मुलाला दिली, तर ते कंटाळून महिन्याभरात वर्ग सोडते आणि ‘मला खेळ जमत नाही’ अशी त्याची समजूत होऊन बसते. वय न पाहता त्याला जोरकस लढतीत उतरवले, तर गुडघ्याला किंवा डोक्याला इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच शैलीचे नाव ऐकून भारावून जाण्यापूर्वी ती शैली शरीराकडून काय मागते, हे समजून घेणे इष्ट ठरते.

एक नाव, अनेक घराणी

‘कुंग फू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ ‘दीर्घ परिश्रमाने कमावलेले कौशल्य’ असा आहे. उत्तम स्वयंपाक किंवा सुलेखन यांनाही तो शब्द लावता येतो. युद्धकलेसाठी चीनमध्ये ‘वुशू’ हा शब्द अधिकृतपणे वापरला जातो. कराटे ही ओकिनावा बेटांवर वाढलेली जपानी कला, तर तायक्वांदो कोरियाची. या तिन्हींची सरमिसळ सर्रास होते. २०१० मध्ये आलेल्या ‘द कराटे किड’ या चित्रपटाचे नाव कराटेचे असले, तरी बीजिंगमध्ये राहणारा त्यातील मुलगा जॅकी चॅनकडून शिकतो ते कुंग फूच.

हिंदुस्थानी संगीतात जशी घराणी, तशा कुंग फूत शैली. ‘दक्षिणेची मूठ, उत्तरेचा पाय’ अशा अर्थाची एक म्हण चीनमध्ये रूढ आहे. उत्तरेकडील शैलींत लांब पावले, उंच लाथा आणि उड्या अधिक असतात, तर दक्षिणेकडील शैलींत स्थिर बैठक आणि हातांचे जवळून होणारे आघात यांवर भर असतो. ही विभागणी ढोबळ आहे. तरीही नवशिक्याला दिशा दाखवण्यास ती पुरेशी ठरते.

‘शाओलिन’ या नावाबाबत मात्र सावध राहणे बरे. हेनान प्रांतातील सोंगशान पर्वतावर इसवी सन ४९५ मध्ये स्थापन झालेल्या या बौद्ध मठाच्या नावाभोवती मोठे वलय आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तेथील भिक्षूंना ही कला शिकवली, ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. इतिहासकार मात्र तिला नंतरच्या काळात रचली गेलेली आख्यायिका मानतात. शाओलिनच्या परंपरेत अनेक शैली आणि असंख्य हालचालीसंच येतात. त्यामुळे पाटीवर केवळ ‘शाओलिन’ लिहिलेले असेल, तर आत काय शिकवले जाते याचा त्यावरून बोध होत नाही.

मुलांसाठी ‘लांब मुठीची’ शैली

उत्तरेकडील ‘छांगछुआन’ म्हणजे ‘लांब मूठ’ ही मुलांच्या सुरुवातीसाठी सर्वांत सोयीची शैली मानता येईल. ‘शाओलिन टेम्पल’ या १९८२ च्या चित्रपटाने प्रसिद्धीस आलेला अभिनेता जेट ली हा याच पठडीत लहानपणी तयार झालेला बीजिंगच्या वुशू संघाचा खेळाडू होता. या शैलीत हातपाय पूर्ण लांबवून, मोकळ्या जागेत हालचाली केल्या जातात. धावणे, उडी मारणे आणि गिरकी घेणे ही मुलांची स्वाभाविक आवड असल्याने त्यांना ती चटकन भावते.

तिचा पाया पाच मूलभूत पवित्र्यांवर उभा आहे. घोड्यावर स्वार झाल्यासारखी बैठक म्हणजे ‘माबू’; पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवणे म्हणजे ‘गोंगबू’; एका पायावर पूर्ण बसून दुसरा पाय बाजूला जमिनीलगत पसरणे म्हणजे ‘पुबू’; सारा भार मागच्या पायावर घेऊन पुढचा पाय नुसता टेकवणे म्हणजे ‘शुबू’ आणि पायांची अढी घालून खाली बसणे म्हणजे ‘श्येबू’. हे पाचही पवित्रे गुंफून ‘वुबूछुआन’ हा छोटा संच तयार होतो. नवशिक्याला बहुधा प्रथम तोच शिकवतात. एखाद्या मिनिटात संपणाऱ्या या संचात तोल, मांड्यांची ताकद, कंबरेचा लवचिकपणा आणि क्रम लक्षात ठेवण्याची सवय या साऱ्यांचा अभ्यास होतो. पुढे मुलाने दुसरी शैली घेतली किंवा जिम्नॅस्टिक्स अथवा मल्लखांबाकडे वळले, तरी ही मेहनत वाया जात नाही.

या शैलीची अडचण एकच. उंच लाथ आणि पूर्ण पसरलेले पाय दिसायला मोहक असतात. पण वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा नाजूक असतात. मुलाचे पाय दाबून, त्याच्या पाठीवर भार देऊन लवचिकपणा ‘आणण्याचा’ प्रयत्न जेथे होत असेल, तेथून काढता पाय घ्यावा. ताण हळूहळू आणि मुलाच्या स्वतःच्या हालचालीतून वाढला पाहिजे.

दक्षिणेच्या शैली : थोड्या मोठ्या वयात

ग्वांगडोंग प्रांतात रुजलेली हुंग गार ही शैली व्याघ्र आणि सारस यांच्या हालचालींसाठी ओळखली जाते. वोंग फेई-हुंग हा तिचा ख्यातनाम गुरू. त्याच्या जीवनावर अनेक चित्रपट निघाले. या शैलीत खोल बैठकीत दीर्घकाळ उभे राहण्याचा सराव असतो. त्यातून पायांना विलक्षण बळ येते. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाकडे तेवढी स्थिरता नसते. शिक्षेसारखे उभे केले, तर त्याला त्या कलेचाच तिटकारा येतो. बारा-तेरा वर्षांनंतर हाच सराव अंगवळणी पडतो.

विंग चुनचे गारूड मोठे आहे. फोशान येथे जन्मलेले इप मान (१८९३–१९७२) यांनी हाँगकाँगमध्ये ही शैली शिकवली आणि किशोरवयीन ब्रूस ली त्यांचा शिष्य होता. त्यांच्यावरील २००८ च्या ‘इप मान’ या चित्रपटाने तिची कीर्ती आणखी पसरली. एका स्त्रीच्या नावाने ओळखली जाणारी ही शैली बळापेक्षा कोन आणि वेळ साधण्यावर भर देते. तिचा पहिला संच ‘सिउ निम ताउ’ एकाच जागी उभे राहून करायचा असतो; पावले जवळजवळ हलतच नाहीत. पुढे ‘ची साउ’ या सरावात दोघांचे हात एकमेकांना सतत टेकलेले राहतात आणि समोरच्याचा जोर स्पर्शावरून ओळखायचा असतो. त्यासाठी संयम आणि जबाबदार जोडीदार लागतो. म्हणून किशोरवयीन मुले, तरुण आणि विशेषतः लहान जागेत, उड्यांविना शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांना ती अनुरूप ठरते. चिमुरड्यांना मात्र ती लवकर कंटाळवाणी वाटते.

ताई ची आणि सांदा : दोन टोके

चाळिशी-पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी ताई ची हा उत्तम पर्याय आहे. हेनान प्रांतातील चेनजियागोउ या गावाशी तिची सर्वांत जुनी ज्ञात परंपरा जोडलेली आहे. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवर आधारित २४ हालचालींचा सुटसुटीत संच तयार करवून घेतला आणि आज जगभरातील नवशिके बहुधा तोच शिकतात. युनेस्कोने २०२० मध्ये ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. वयस्कर व्यक्तींचा तोल सुधारून पडण्याचा धोका कमी होण्यास तिची मदत होते, असे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. नातू छांगछुआनला आणि आजी ताई चीला, अशी विभागणी एकाच वर्गात होऊ शकते.

दुसऱ्या टोकाला सांदा आहे. ठोसे, लाथा आणि पटक यांचा समावेश असलेली ही स्पर्धात्मक लढत. २०२३ मध्ये हांगझौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवी यांनी ६० किलो गटात रौप्यपदक जिंकल्यावर भारतात या खेळाकडे अनेकांचे लक्ष गेले. मात्र सांदात डोक्यावर आघात करण्यास मुभा असते. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुलांसाठी संपर्कविरहित सराव अधिक सुरक्षित असल्याचे म्हटले आहे. मऊ शिरस्त्राणामुळे मेंदूला बसणारा हादरा टळतोच असे नाही, याकडेही त्यात लक्ष वेधले आहे. म्हणून आधी काही वर्षे पायाभूत शैली, नीट पडण्याचे तंत्र आणि स्वतःवरील ताबा, आणि मगच लढत, हा क्रम मोडू नये.

स्वसंरक्षणाचे आश्वासन

‘तीन महिन्यांत स्वसंरक्षण’ अशा जाहिरातींकडे पालकांनी साशंकतेने पाहावे. कोणतीही शैली दहा वर्षांच्या मुलीला प्रौढ पुरुषाच्या ताकदीची करू शकत नाही. तसा भ्रम निर्माण झाला, तर जेथे पळ काढायला हवा तेथे मूल थांबते. शिवाय धोका नेहमी अनोळखी गुंडाकडूनच असतो असे नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ मधील अभ्यासात मुलांशी गैरवर्तन करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक त्यांच्या ओळखीचे आणि विश्वासातील असल्याचे आढळले होते. त्यामुळे ठाम आवाजात ‘नाही’ म्हणणे, सुरक्षित ठिकाणी धावणे आणि घडलेला प्रकार घरी सांगणे हे जो शिक्षक शिकवतो, तो मुठीपेक्षा मोलाचे काही देतो. हीच कसोटी वर्गालाही लावावी. सराव पाहण्यास पालकांना मज्जाव असेल, तर त्या वर्गात मुलाला घालू नये.

वर्ग पारखताना

मोठी शहरे सोडली, तर बहुतेक ठिकाणी निवडीला चार-पाच शैली नसतातच. एखादाच वर्ग असतो. अशा वेळी शैलीपेक्षा शिक्षकाची पारख अधिक महत्त्वाची ठरते. ‘आपण कोणती शैली शिकवता, ती कोणाकडे शिकलात, आणि पहिल्या सहा महिन्यांत मुलाला काय येईल?’ हे तीन प्रश्न विचारावेत. पवित्रे, पडण्याचे तंत्र, साध्या लाथा आणि एखादा छोटा संच, असे नेमके उत्तर मिळाले, तर वर्ग योग्य मार्गावर आहे असे समजावे. विटा फोडण्याचे प्रात्यक्षिक किंवा वर्षभरात काळा पट्टा, असे उत्तर आले तर परत फिरावे. रंगीत पट्ट्यांची पद्धत मुळात जपानी ज्युदोतून आली. पारंपरिक चिनी वर्गांत ती नव्हती. पट्टा दिसला म्हणून वर्ग खोटा ठरत नाही. पण त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षाशुल्क आकारले जात असेल, तर हिशेब विचारणे योग्य.

प्रवेशापूर्वी एक पूर्ण सराव शांतपणे पाहावा. अंग तापवण्यासाठी पुरेसा वेळ दिला जातो का, जमिनीवर मॅट आहे का, लहान मुले आणि दांडगे तरुण एकत्र भिडवले जातात का, हे सहज दिसते. सर्वांत कच्च्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात, याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पहिल्या महिन्यात आपले मूल त्याच जागी असणार आहे. दमा, जुनी दुखापत किंवा अन्य तक्रार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शिक्षकांनाही तसे सांगावे. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांच्या आशेने प्रवेश घेत असाल, तर तो खेळ आणि त्याची स्पर्धा शासनाच्या यादीत आहे की नाही, याची खातरजमा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून करून घ्यावी. वर्गाच्या शब्दावर विसंबू नये.

वर्षभराचे शुल्क एकदम भरण्याऐवजी आधी दोन-तीन महिन्यांचे भरावे. तेवढ्या काळात मूल सरावाच्या दिवशी आपणहून तयार होऊन बसू लागले आणि घरी येऊन ‘माबू’ करून दाखवू लागले, तर पहिली शैली योग्य निवडली गेली, असे समजण्यास हरकत नाही.