सोलापूर–मुंबई विमान : अंतर किती, वेळ किती?

विमानांच्या वाटेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, 9 जून 2025 रोजी, सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचे विमान सुटले आणि 15 ऑक्टोबरला मुंबईचेही सुरू झाले. सोबत काही ठोकताळेही रूढ झाले. ते तपासून पाहू.

गैरसमज : मुंबई 455 किलोमीटर, मग विमानालाही तेवढेच अंतर.
वस्तुस्थिती : 455 हे रेल्वेचे अंतर. गाडी दौंड, पुणे, लोणावळा असा वळसा घेत घाट उतरते. दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 360 किलोमीटरच भरते.

गैरसमज : जेट ताशी 800 किलोमीटरने जाते, म्हणजे अर्ध्या तासात मुंबई.
वस्तुस्थिती : हा वेग उंचीवर गेल्यानंतरचा. इतक्या जवळच्या प्रवासात विमान जेमतेम वर चढते आणि लगेच उतरू लागते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उतरण्यासाठी रांग लागते. तिकिटावरची वेळही उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, म्हणून तासभर लागतो.

गैरसमज : अंतर तिप्पट, तर वेळही तिप्पट.
वस्तुस्थिती : मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,150 किलोमीटर आहे, सोलापूरच्या तिपटीहून जास्त. वेळ मात्र दुपटीच्या आसपासच लागतो, कारण चढण्या-उतरण्याचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो.

गैरसमज : जायला लागतो तेवढाच वेळ यायला.
वस्तुस्थिती : हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. मुंबईहून सोलापूरला येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. इथे फरक काही मिनिटांचाच पडतो. मुंबई–लंडनला तो तासाभराच्या घरात जातो.

गैरसमज : गोव्यात कुठेही उतरले तरी अंतर तेच.
वस्तुस्थिती : सोलापूरचे विमान मोपा विमानतळावर उतरते. ते अंतर सुमारे 305 किलोमीटर. दाबोळी विमानतळ धरला तर 335. मोपा पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेला. मडगावला जाणाऱ्याला उतरल्यावर बराच रस्ता उरतो.

गैरसमज : वंदे भारतला साडेसहा तास, विमानाला एक, म्हणजे साडेपाच तास वाचले.
वस्तुस्थिती : घरापासून होटगी रोड अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, विमानात एक, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा आणि मुंबईच्या रहदारीत एक तास धरा. बेरीज साडेचार तास. रेल्वेलाही स्टेशन गाठण्याचा अर्धा तास जोडला तर सात होतात. म्हणजे वाचतात अडीच. काम अंधेरीत असेल तर विमानाचा फायदा आणखी वाढतो. दादरला उतरून जवळच काम असेल, तर तिकिटाच्या दरातला फरक आधी बघावा.