गिटारमधला गुणगुणाट

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, आवाजाचे बटण वर नेले आणि तारांना हातही लावला नाही, तरी स्पीकरमधून एक सततचा घुमणारा आवाज येऊ लागतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आता तबला-पेटीच्या शेजारी ही गिटार सर्रास दिसते, त्यामुळे हा आवाज बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा झाला आहे. ‘गिटारला आतून चांदी लावली की आवाज बंद होतो’ असा उपाय मुले एकमेकांना सांगतात. ही चांदी म्हणजे धातूची पातळ पन्नी. हा उपाय कधी गुण देतो, कधी अजिबात देत नाही. असे का व्हावे, हे शोधताना आठवी ते बारावीच्या पुस्तकांतली वीज आणि चुंबकत्व ही दोन्ही प्रकरणे उपयोगी पडतात.

हा स्वर आला कुठून?

नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच उभारलेले आहेत. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि त्याच आसावर जनित्रातला विद्युतचुंबक फिरतो. हा विद्युतचुंबक मिनिटाला ३००० फेरे करतो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याला उत्तर आणि दक्षिण अशी ध्रुवांची एकच जोडी असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात विजेचे एक आवर्तन पूर्ण होते आणि आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ भरते. कोयनेची जलजनित्रे यापेक्षा सावकाश फिरतात, पण त्यांच्यावर ध्रुवांच्या जोड्या जास्त असतात, म्हणून उत्तर तेच येते.

ही जनित्रे एकमेकांशी जोडलेली असल्याने त्यांना पाऊल मिळवूनच चालावे लागते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत बांधले गेले. तेव्हापासून चेन्नईतल्या गिटारचा गुणगुणाटही एकलहऱ्याच्या जनित्राशी ताल धरूनच चालतो.

ही गोष्ट कानाने पडताळता येते. गुणगुणाटात ५० हर्ट्झबरोबर १००, १५० असे त्याच्या पटीतले स्वरही मिसळलेले असतात. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली, तर तिची वारंवारता ९८ हर्ट्झ असते. गुणगुणाटातला १०० हर्ट्झचा स्वर ठळक असेल, तर दोन्ही मिळून येणारा आवाज सेकंदाला सुमारे दोनदा लहानमोठा होताना ऐकू येतो. हेच ध्वनीच्या प्रकरणातले विस्पंद. १०० वजा ९८ बरोबर २ हे गणित कानांनी सोडवता येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्याच्या गिटारला जास्त त्रास होतो, असे नाही. केंद्र किंवा उच्च दाबाच्या वाहिन्या लांब असतील, तर त्यांचे क्षेत्र घरापर्यंत पोहोचताना अगदी क्षीण झालेले असते. स्वर ठरतो जनित्राच्या फेऱ्यांवरून, पण तो गिटारमध्ये शिरतो भिंतीतल्या तारेमधून, ट्यूबलाइटच्या चोकमधून, शेजारी ठेवलेल्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून.

गिटारचा कान

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. सहा लहान चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे, अशी त्याची रचना. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब साधारण १०० मिलिव्होल्टच्या आसपासचा. तो ॲम्प्लिफायरने शेकडो पट वाढवायचा असतो.

पिकअपला तार कोणती आणि ट्रान्सफॉर्मर कोणता, हे कळत नाही. बदलते चुंबकीय क्षेत्र कुठूनही आले तरी तो त्याची नोंद घेतो. शिवाय त्याचे वेटोळे, आवाजाचे बटण आणि त्यांना जोडणाऱ्या तारा लाकडाच्या खोबणीत उघड्याच असतात. म्हणून गुणगुणाटाला आत यायला दोन वाटा मिळतात.

पहिली वाट विद्युत क्षेत्राची. भिंतीतल्या तारेत २३० व्होल्टचा दाब असतो, दिवा बंद असला तरी बटणापर्यंतच्या तारेत तो असतोच. ही तार आणि गिटारमधली तार मिळून एक अतिशय लहान धारित्रच तयार होते. दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. तिला नुसता दाब पुरत नाही, धारा वाहावी लागते. म्हणून चालू ट्रान्सफॉर्मर आणि चोक हे तिचे मुख्य उगम.

पहिल्या वाटेचा हिशोब मांडून पाहू. धारित्राची धारकता फक्त १ पिकोफॅरड धरू. मग धारा = २ × ३.१४ × ५० × १०⁻¹² × २३०, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रोअँपिअर. पिकअपचा रोध ८००० ओहम धरला, तर या धारेमुळे ०.६ मिलिव्होल्टच्या जवळपास दाब तयार होतो. १०० मिलिव्होल्टपुढे तो किरकोळ वाटेल. पण आवाजाचे बटण अर्ध्यावर आणले की गिटारच्या बाहेरच्या टोकापाशी पाहता रोध ६०,००० ओहमपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा गुणगुणाट ४ मिलिव्होल्टच्या वर जातो, आणि इकडे सूर मात्र निम्मा झालेला असतो. बटण कमी केल्यावर घुमणे उलट वाढल्यासारखे का वाटते, याचे हे एक कारण.

वर्गात करून पाहा

या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे गिटारशिवायही दाखवता येते. एक चहाची गाळणी घ्या. तिची जाळी धातूची हवी, पण चुंबक तिला चिकटता कामा नये. टेबलावर कागदाचे बारीक कपटे ठेवा. प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कपट्यांवर धरा, ते उड्या मारून पट्टीला चिकटतील. आता कपट्यांवर गाळणी उपडी ठेवा, तिच्या धातूला एक बोट लावून ठेवा आणि घासलेली पट्टी वरून जवळ आणा. कपटे जागचे हलत नाहीत. प्रयोग कोरड्या हवेत करावा, पावसाळ्यात तो फसतो.

आता कपट्यांच्या जागी लहान होकायंत्र ठेवा आणि गाळणीवरून चुंबक फिरवा. सुई चुंबकाबरोबर फिरते. एकाच जाळीने विद्युत क्षेत्र अडवले आणि चुंबकीय क्षेत्र जाऊ दिले. पन्नीचा उपाय कधी लागू पडतो आणि कधी नाही, याचे उत्तर या दोन निरीक्षणांत आहे.

पहिल्या निरीक्षणाचा भव्य प्रयोग मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला. त्याने १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारून तो धातूने मढवला आणि तो स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून ठिणग्या उडेपर्यंत प्रभार दिला, तरी आतल्या संवेदनशील उपकरणांवर काही परिणाम दिसला नाही. बाहेरच्या क्षेत्रामुळे धातूतले इलेक्ट्रॉन सरकतात आणि आतले क्षेत्र नाहीसे करतात.

पन्नीचे कवच

गिटारच्या खोबणीला पन्नी लावणे म्हणजे हाच पिंजरा छोट्या रूपात करणे. तांब्याची चिकटपट्टी सर्वांत सोयीची, कारण तिला डाग देता येतो. खोबणीच्या भिंती, तळ आणि वरच्या झाकणाची आतली बाजू मढवावी. पट्ट्यांच्या मागचा गोंद बहुधा वीजवाहक नसतो, म्हणून जिथे पट्टीवर पट्टी येते तिथे डागाचा एक थेंब द्यावा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नीही चालते, पण तिला साधा डाग बसत नाही. तिची जोडणी स्क्रू आणि वॉशरने दाबून करावी.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. हे कवच गिटारच्या भू-तारेला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या भागाला जोडले पाहिजे. ते अधांतरी ठेवले, तर बाहेरचा दाब कवचावर आणि कवचावरून आतल्या तारांवर पोहोचतो. जोडल्यावर ती ०.०७ मायक्रोअँपिअर धारा पिकअपमध्ये न जाता कवचातून परस्पर निघून जाते. काम झाल्यावर मल्टीमीटरने कवच आणि जॅक यांमधला रोध मोजावा, तो एका ओहमच्या आसपास यावा. आतल्या सूर वाहणाऱ्या तारेचे टोक मात्र पन्नीला लागता कामा नये, नाहीतर गिटार मुकी होईल.

हे सारे करूनही चुंबकीय वाट उघडीच राहते. पत्रा जाड असेल तर त्यात फिरणाऱ्या धारा बदलत्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात. पण ५० हर्ट्झचे क्षेत्र ३७ टक्क्यांवर आणायलाच सुमारे ९ मिलिमीटर जाडीचे तांबे लागते. मिलिमीटरच्या शतांशात मोजावी लागणारी पन्नी इथे नसल्यासारखीच.

या वाटेवरचा उपाय गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली शोधला. त्यांनी एका वेटोळ्याऐवजी शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवली. दुसऱ्याचे चुंबकीय ध्रुव उलट आणि त्याच्या वेढ्यांची जोडणीही उलट. तारेचा सूर स आणि गुणगुणाट ग मानू. पहिल्या वेटोळ्यात स + ग. दुसऱ्यात चुंबक उलटा असल्याने सुराचे चिन्ह बदलते, पण गुणगुणाट बाहेरून येत असल्याने त्याचे बदलत नाही, म्हणून −स + ग. आता उलट जोडणी म्हणजे वजाबाकी: (स + ग) − (−स + ग) = २स. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर वजनात फरक पडत नाही, तसेच हे. या पिकअपला हंबकर म्हणतात.

दोष ओळखावा कसा?

पन्नी विकत आणण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. पहिली: गिटारचे बटण शून्यावर न्या. गुणगुणाट तसाच राहिला तर त्याचे कारण ॲम्प्लिफायरमध्ये किंवा जोडणीत आहे, गिटारमध्ये नाही. दुसरी: तारांना हात लावा. आवाज कमी झाला, तर तो विद्युत क्षेत्राचा आहे आणि पन्नीने फायदा होईल. तारा भू-तारेला जोडलेल्या असतात, हात लागताच आपले शरीरही तिला जोडले जाते आणि कवचाचे काम करू लागते. तिसरी: गिटार घेऊन जागच्या जागी सावकाश फिरा. एखाद्या दिशेत आवाज जवळजवळ नाहीसा झाला, तर तो चुंबकीय आहे. मग पन्नीत पैसे घालू नयेत. ट्रान्सफॉर्मरपासून लांब बसावे किंवा हंबकर लावावा.

मोबाइलसारख्या साधनांच्या लहरींपुढे मात्र पन्नी भक्कम ठरते, कारण ९०० मेगाहर्ट्झला तांब्याचा मिलिमीटरचा काही हजारांशावा थरही पुरतो. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे हीच युक्ती उलटी वापरतात. संगणक आणि इतर साधनांमधून निघणाऱ्या लहरी अँटेनांपर्यंत जाऊ नयेत म्हणून ती साधनेच धातूच्या कवचात ठेवतात.

अर्थिंगशी खेळ नको

तारा भू-तारेला जोडलेल्या, भू-तार ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला. म्हणजे वादकाची बोटे इमारतीच्या अर्थिंगला बांधलेली असतात. हे अर्थिंग शाबूत असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली तरी ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग तुटलेले असेल, तर तोच २३० व्होल्टचा दाब गिटारच्या तारांवर येतो.

ॲम्प्लिफायर आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडले की त्या दोन जोडण्यांमधूनही गुणगुणाट येतो. तो घालवण्यासाठी प्लगची जाड पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांची वायर वापरणे, ही मंडपांतून दिसणारी युक्ती जिवावर बेतणारी आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्राऊज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे मंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याचा हात लागलेल्या मायक्रोफोनचे अर्थिंग नीट नव्हते. त्याऐवजी दोन्ही उपकरणे एकाच फलकावरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटांना जोडावीत. बहुतेक वेळा एवढ्यानेच आवाज उतरतो.

संमेलनाच्या आदल्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांनी वायरमनला सोबत घेऊन मंचावरच्या सॉकेटांचे अर्थिंग तपासून घ्यावे. मंचाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. आहे का, तेही पाहावे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून तो चालतो याची खात्री करावी. गुणगुणाट थोडा राहिला तरी कार्यक्रम होऊ शकतो, अर्थिंग नसेल तर मात्र तो सुरू करू नये.