दोन आजार, एकच केसपेपर

सकाळी सात. जिंतूरकडच्या आशाताईंचा फोन. "दादानं परवापासून प्यायची बंद केली. हात कापायलेत, भिंतीवर माणसं दिसायलीत म्हणतो." घरचे म्हणतात, जुना मानसिक आजार उसळला. पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दोन ते चार दिवसांत असं होतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. १०८ बोलवा म्हटलं, मांत्रिकाकडे अजिबात नको.

नऊ. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातली मनोविकार ओपीडी. नऊ तालुक्यांतली माणसं, बरीचशी पहिल्या एसटीनं आलेली.

दहाच्या सुमारास एक माय तिशीच्या लेकाला घेऊन आली. स्किझोफ्रेनिया, वर दारू. "ताई, आधी दारूचं बघा. डोक्याचं मागून बघू." पदराची गाठ सोडून तिनं पुडी दाखवली. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात वाचून मागवलेली. चहातून देणार होती. अशा पुडीत काय आहे, कुणी सांगत नाही. दारू सोडवायचं डायसल्फिराम असलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. शिवाय त्या औषधानं भास बळावू शकतात. पुडी मी ठेवून घेतली. मग लेकाला विचारलं, कशासाठी पितोस? "कानातले आवाज जरा गप होतात." हे ऐकल्यावर 'आधी दारू सोड, मग ये' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दोन्हीवर उपचार एकाच वेळी, एकाच केसपेपरवर व्हायला हवेत.

एक. वॉर्ड. एकजण सकाळपासून पेंगतोय. बिडीच्या धुरानं ओलॅन्झापिन हे मनोविकारावरचं औषध शरीरातून लवकर निघून जातं; इथं बिडी बंद, म्हणून तोच डोस जड झालाय. डॉक्टरांच्या कानावर घातलं.

तीन. दिव्यांगत्वाचे कागद. २०१६च्या कायद्यात मानसिक आजारही येतो, प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. गंगाखेडकडचं एक जोडपं ऊसतोडीला निघालंय; परतेपर्यंत गोळ्या तुटू नयेत म्हणून तिकडच्या सरकारी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. दर दिवाळीनंतर उपचार सुटतात ते इथंच.

सहा. न आलेल्यांना फोन. रात्री अडचण आली तर १४४१६ लावा, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलतात, हे प्रत्येकाला सांगते. एकजण फोन उचलून गप्पच. मग म्हणाला, "ताई, काल पेलो. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"गोळ्या चालू आहेत?"

"हाव."

"मग सोमवारी या. पिऊन आलात तरी या."